हेडमास्तरांचा कोट

मोठ्या काकांनी बिस्किटांच्या ताटलीवरचं प्लास्टिक सोलून काढलं, तेव्हाच चिमटीला कळलं की आजची बैठक आपल्याला जड जाणार. ताटली त्यांनी दहा मिनिटांपूर्वी स्वतःच गुंडाळली होती. मागच्या स्वयंपाकघरातून पुढच्या दुकानात यायला सोळा पावलं लागतात. तेवढ्यात धूळ बसली तर?

"घ्या," काका म्हणाले. "एकदम स्वच्छ आहेत."

सगळ्यांनी एकेक बिस्कीट घेतलं. सुटलेलं प्लास्टिक टेबलाच्या कडेला पडून हळूहळू उलगडत राहिलं, जसं काही त्यालाही बैठकीत दोन शब्द बोलायचे होते.

घरातल्या बैठका लॉन्ड्रीतल्या मोठ्या इस्त्रीच्या टेबलाभोवती व्हायच्या, ही आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या वेळेपासूनची रीत. दुकान सुटीमुळे बंद होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि रेलवर टांगलेले दीडशे कपडे पारदर्शक कव्हरं घालून निमूट ऐकत होते. मागे घरात झालेल्या पडद्यांच्या भांडणात आत्या ज्या टोकाला बसून रुसली होती, त्याच टोकाला ती आजही बसली होती. अबोला केव्हाच सुटला होता, पण जागा तिने सोडली नव्हती. तिच्यासमोर चिमटीचे बाबा. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या बाजारात कुणी नव्हता आणि मोठ्या भावासमोर तोंड उघडण्यात त्यांच्याइतकं मागे कुणी नव्हतं. काकू गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती, कारण रिकाम्या हातांनी बैठकीला बसलं की आपल्याला मत विचारतात, असा तिचा अनुभव होता. आणि कोपऱ्यात आप्पा, तात्यांचे धाकटे भाऊ, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, उशीचे अभ्रे इस्त्री करत उभे होते. त्यांना कुणी इस्त्री करायला सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी थांबायलाही सांगितलं नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

भिंतीवर खुद्द तात्या. फोटोवरही कव्हर. गेली चौदा वर्षं ते प्लास्टिकआडून कुटुंबाकडे बघत होते, त्यामुळे किंचित घामेजलेले वाटायचे.

"तर," काका म्हणाले, "कंपनीचा माणूस चार वाजता येतोय. कव्हर चढवायचं मशीन. कपडा खाली धरायचा, बटण दाबायचं, वरून कव्हर सर्रकन. दिवसाला पाचशे. मशीन कंपनीचं, आपण फक्त तीन वर्षं त्यांचेच रोल घ्यायचे. सही तेवढी बाकी."

"आपले कपडे दिवसाला दोनशे," चिमटी म्हणाली.

"मग तीनशेची सोय जास्तीची झाली की नाही?"

चिमटीने बोटांवर मोजून पाहिलं. काकांच्या गणितात नेहमी असं व्हायचं. चूक दिसायची, पण धरायला गेलं की हाताला लागायची नाही.

चिमटी चोवीस वर्षांची होती. लहानपणी ती प्रश्न विचारताना समोरच्याचा दंड चिमटीत धरायची, म्हणून हे नाव. दंड धरणं सुटलं, प्रश्न सुटले नाहीत. पुढच्या महिन्यापासून काउंटर तिच्याकडे यायचं होतं. ते काउंटर तिला आठवीत असल्यापासून हवं होतं. पण रोज दोनशे कव्हरं फाडून लोकांच्या हातात कचरा द्यायचा असेल तर मला ते नको, असं ती आठ दिवसांपूर्वी बोलून बसली होती. पिशवीत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका इस्पितळाच्या धुलाईखात्याचं पत्र होतं. सोमवारी या, असं त्यात लिहिलं होतं. सही झाली की सोमवारी जायचं, हे तिने ठरवलं होतं. जायचं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

"तुला आठवडा दिला होता," काका म्हणाले. "तुझा तो प्रयोग. वाच काय लिहिलंयस ते."

चिमटीने वही उघडली. "एकूण चाळीस कपडे विनाकव्हर दिले. बारा कपडे कापडी खोळींतून, बाकीचे नुसते हँगरवर. खोळी मी शिवल्या, तीन वर्षं कुणी न्यायला न आलेल्या चादरींच्या."

"माझ्या माहितीतली एक बाई म्हणाली, लॉन्ड्रीतून उशी आली," आत्या म्हणाली.

"फुलांची चादर होती ती. बारा खोळींतल्या नऊ परत आल्या. एकीतून कांदे आले."

"कांदे?"

"धन्यवाद म्हणून. निदान मला तसं वाटलं."

"आणि ते दुसरं काय लिहिलंयस?" काकांनी मान लांब करून वहीत बघितलं. "एक शर्ट घरापर्यंत पोचवला. आपण घरपोच देत नाही."

"पोचवला म्हणजे मागून गेले." चिमटीने पान उलटलं. "मला बघायचं होतं, कव्हर जगतं किती. तो माणूस दुकानातून निघाला, दोन चौक चालला, जिना चढला. दारातच त्याने कव्हर फाडलं आणि जिन्याखालच्या डब्यात टाकलं. अकरा मिनिटं. मध्ये तो बिस्किटं घ्यायला थांबला होता, ते धरून."

"त्याला कळलं नाही?" बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कळलं. वळून म्हणाला, काही राहिलं का? मी म्हटलं, नाही, चालू द्या."

आत्या खुदकन हसली. काका हसले नाहीत. त्यांनी तर्जनीने वहीच्या तळाशी टकटक केलं. "हे खालचं वाच."

चिमटीला खालचं वाचायचं नव्हतं. ते तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि प्रामाणिकपणाचा तिला तेव्हापासूनच पश्चात्ताप होत होता.

"चाळिसातले अकरा कपडे परत आले. धुतलेच नाहीत म्हणून. मी उघडून बघितले, अकराही स्वच्छ होते. मग मी..." ती थांबली.

"मग तू काय केलंस?"

"मग मी ते परत धुतले नाहीत. नुसतं कव्हर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दिले."

"आणि?"

"सगळे खूश. एक जण म्हणाला, आता कसा वास येतोय."

"कसला?"

"स्वच्छतेचा."

काका खुर्चीत मागे रेलले. खुर्चीवरचं प्लास्टिक समाधानाने कुरकुरलं. "झालं तर मग! मी वेगळं काय सांगतोय? हे मशीनवाल्याला दाखवलं तर तो चौकटीत लावील. लोकांना धुतलेला कपडा नकोच आहे, लोकांना कव्हर हवंय. तूच सिद्ध केलंस!"

हात दाखवून अवलक्षण, ते हेच. आत्याने सहानुभूतीने बिस्कीट पुढे सरकवलं. बाबा टेबलावरची सुरकुती बोटाने सपाट करत राहिले. त्या टेबलावर सुरकुती नव्हती.

खरं तर इथेच वही मिटायला हवी होती. पण चिमटीचं एक होतं, हरताना तिला आणखी प्रश्न सुचायचे.

"काका, कव्हर सुरू कधी झालं?"

"म्हणजे?"

"कुठल्या तरी दिवशी पहिलं कव्हर घातलं असेल ना कुणीतरी. कशाला घातलं?"

"तात्यांनी घातलं," काका फोटोकडे बघून म्हणाले. आवाज आपोआप खाली आला. "मी तिसरीत होतो. समोरचा रस्ता खणला होता. धुळीचे लोट. तात्या दारात उभे राहिले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, कपड्याला छप्पर हवं. त्याला म्हणतात दूरदृष्टी."

"काहीतरीच काय दादा!" आत्या उसळली. "माझ्या लग्नात सुरू झालं ते. माझे सगळे कपडे तात्यांनी एकेक गुंडाळून दिले होते, स्वतःच्या हाताने. पोरीच्या कपड्यांना परक्याचा हात लागू नये म्हणून. सासरी सगळे बघत राहिले."

"तुझं लग्न पंधरा वर्षांनी झालं."

"मग तुझा रस्ता पंधरा वर्षं खणलेलाच होता का?"

"बेकरी," बाबा हळूच म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते लाल झाले. "समोर बेकरी होती. तिचा धूर यायचा. तात्या मला म्हणाले होते, तू डाग काढतोस आणि धूर परत बसतो, तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून कव्हर."

तीन मुलं, तीन तात्या. प्रत्येकाला आपलाच खरा वाटत होता आणि दुसऱ्यांचे जरा नकली. चिमटीला मात्र गंमत वाटायला लागली. एकाच कव्हरसाठी रस्ता, लग्न आणि बेकरी! हे म्हणजे आधी छत्री उघडायची आणि मग ढग शोधत हिंडायचं.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा होतात ना?"

आप्पांना कमी ऐकू यायचं. किती कमी, हे प्रश्नावर अवलंबून असे. जेवायला चला, हे त्यांना दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायचं. आत्ता त्यांनी अभ्रा उलटला, दुसरी बाजू दाबली, कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"आप्पा!"

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "तिघांचंही ऐकलं. रस्ता, लग्न, बेकरी. म्हटलं, आणखी कुणाचं काही असेल तर येऊ दे."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. आप्पांनी दिवसाढवळ्या इस्त्री खाली ठेवलेली चिमटीने दोनदाच पाहिली होती. पहिल्यांदा तात्या गेले तेव्हा, दुसऱ्यांदा आज.

"कोट होता. हेडमास्तरांचा," ते म्हणाले. "निळा. लोकरीचा. दुसऱ्या दिवशी शाळेत बक्षीस समारंभ. मी एकोणीस वर्षांचा. मोठा," त्यांनी बोटाने काकांकडे दाखवलं, "दोन वर्षांचा, या टेबलाखाली बसून बटणं चोखायचा. लोकरीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवतात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी समोरच्या बेकरीकडे बघत होतो."

"धुरामुळे?" बाबांनी आशेने विचारलं.

"बेकरीवाल्याच्या मुलीमुळे. फडकं टाकायचं राहिलं. इस्त्री उचलून बघतो तर पाठभर चकाकी. जळलं नव्हतं, पण लोकर अशी चपटी आणि चकचकीत झालेली, जसा पाठीवर आरसा बसवलाय. ती परत उठत नाही. विचारा याला."

"नाही उठत," बाबा म्हणाले. डागांच्या बाबतीत ते कुणालाच खोटी आशा लावत नसत.

"आणि हेडमास्तर दारात. तात्याने कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. त्याच आठवड्यात वाफेचं मशीन आलं होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तात्याने त्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि कोटावर चढवलं. आत चकाकी, बाहेर चकाकी. काय कळणार? हेडमास्तर म्हणाले, हे काय? तात्या म्हणाला, नवीन पद्धत आहे."

"अगं बाई," काकू म्हणाली. चिठ्ठ्या मोजायचं थांबलं होतं.

"हेडमास्तरांनी त्या प्लास्टिकवरून हात फिरवला. असा, वासरावरून फिरवावा तसा. दुसऱ्या दिवशी तीन माणसं आली. हेडमास्तरांसारखं गुंडाळून द्या म्हणून."

"पण घरी जाऊन त्यांनी कोट काढला असेल ना? बघितलं असेल!" चिमटी पुढे सरकली.

"नाही काढला. इतका छान राहिलाय, खराब होईल म्हणायचे. दरसाल बक्षीस समारंभ जुन्या कोटात केला. निवृत्त झाले तोवर नवा तसाच कपाटात, कव्हरमध्ये. आम्हाला मोठं गिऱ्हाईक होते ते. जुना कोट नेमाने धुवायला टाकायचे."

आत्याने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते काही वेळ तिलाही ठरवता आलं नाही. तिच्या लग्नातल्या कपड्यांची गोष्टच एकदम गडगडत खाली आली होती.

काका मात्र ताठ बसले होते. "म्हणजे तात्यांनी फसवलं म्हणता?"

"मी वाचवलं म्हणतोय, तू फसवलं ऐकतोस. त्याने मला परत गावी धाडलं असतं तर मी आज कुठे असतो? मला एवढंच म्हणाला, कुठे बोलू नकोस. नाही बोललो. तोही नाही बोलला, माझ्यापाशीसुद्धा." आप्पांनी रेलकडे बघितलं. दीडशे कव्हरं मागच्या खिडकीच्या उजेडात चमकत होती. "फक्त रोज घालत राहिला. थांबला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मग इतके दिवस का घालत होतात? माझी चूक एक. तिच्यावर रोज दोनशे कव्हरं. एकोणसाठ वर्षं."

हा हिशेब करायची हिंमत कुणाची झाली नाही. वही उघडी असूनही चिमटीने केला नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," काकू पुटपुटली, "पण इतकी वर्षं मूठ आवळून हात नाही दुखला?"

"त्याआधी काय करायचात आप्पा?" चिमटीने विचारलं. "कव्हर नव्हतं तेव्हा लोकांना कसं कळायचं, धुतलंय म्हणून?"

"दाखवायचो. गिऱ्हाईक समोर, कपडा काउंटरवर. उघडायचा. कॉलर, बाही, खिसा, पाठ. तो बघायचा, आपण बघायचो. मग घडी."

"भांडणं व्हायची?"

"रोज. कव्हर आलं आणि भांडणं संपली."

"कपडे जास्त स्वच्छ निघायला लागले म्हणून?"

"कुणी बघेनासं झालं म्हणून." त्यांनी इस्त्री उचलली आणि पुढचा अभ्रा ओढला. त्यांचं भाषण संपलं होतं. एकोणसाठ वर्षांत ते पहिलंच होतं आणि दुसऱ्याची त्यांना घाई नव्हती.

काकांनी घसा साफ केला. "ठीक आहे. असेल कोट. मी काय म्हणतो, कारण काहीही असो, लोकांना आता सवय आहे. अकरा कपडे परत आलेच ना?"

"सगळे मंगळवार आणि गुरुवारचे," काकू म्हणाली.

"काय?"

"परत आलेले अकरा." तिने गठ्ठ्यातून अकरा चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. "मंगळवार, मंगळवार, गुरुवार... मंगळवारी-गुरुवारी काउंटरवर तुम्ही असता. बाकी एकोणतीस माझ्या हातून गेले. एक नाही परत आला."

"तू काय केलंस असं?"

"काही नाही. कपडा देताना म्हटलं, हे बघा, इथे चहाचा डाग होता, गेला. हे बटण सैल होतं, घट्ट केलंय. तुम्ही कपडा असा धरला," तिने दोन बोटांनी मेलेला उंदीर धरावा तसा अभ्रा धरला, "आणि म्हणालात, पोरीचा प्रयोग आहे, घ्या."

काकूने नवऱ्याच्या विरोधात बैठकीत बोलण्याची ही पहिलीच वेळ. पडद्यांच्या भांडणातसुद्धा ती तटस्थ राहिली होती, आणि ते पडदे तिचे होते. काका तिच्याकडे असे बघत राहिले, जशी रेलवरची एखादी साडी अचानक बोलू लागली असावी.

"तू तिच्या बाजूची झालीस?"

"मी माझ्या बाजूची आहे," काकू म्हणाली. "मला बोलायला मजा आली. चोवीस वर्षं मी कव्हरच्या मागे पिना लावतेय."

"मीपण," आत्या म्हणाली. "म्हणजे मी चिमटीच्या बाजूची. रागाने म्हणतेय, पण म्हणतेय."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे गेल्या. बाबा म्हणाले, "दादा ठरवेल ते." चिमटीने मान खाली घातली. तिला याहून वेगळं काही अपेक्षित नव्हतं, तरी लागायचं ते लागलंच.

तेवढ्यात शटरखालून एक चकचकीत बूट आत आला, मागोमाग दुसरा, आणि मग कंबरेत वाकलेला कंपनीचा माणूस. चारला पाच मिनिटं कमी होती. त्याच्या हातात करारपत्र होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

"नमस्कार मालक! अख्खी कमिटी बसलीय वाटतं."

काकांनी त्याला बसवलं, बिस्कीट दिलं. त्याने फोल्डर उघडला, पानं टेबलावर सरळ केली, जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं. काकांनी खिशातून पेन काढलं. त्याचं टोपण काढायला त्यांना जरा वेळ लागला. चिमटीला वाटलं, हा वेळ आणखी थोडा लांबला तर बरं. सोमवारचं पत्र पिशवीत एकदम जड झालं होतं.

"आत येऊ का?" शटरबाहेरून आवाज आला. "बंद दिसतंय, पण आतून बोलणं ऐकू येतंय."

दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. दवाखाना गल्लीच्या टोकाला. त्या आत आल्या तशी टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी नकळत तोंडं मिटली. बिस्किटं खाल्लेली होती.

त्यांच्या हातात पांढरा डगला होता आणि फुलाफुलांची खोळ. "हा परवा नेला. धुतला होतात का खरंच? मला वाटतं, तसाच आलाय."

बारावा. चिमटीने उघडी वही मिटली. काकांच्या चेहऱ्यावर मात्र सुटकेसारखं काहीतरी उमटलं. त्यांनी पेन ठेवलं, कंपनीच्या माणसाकडे एक अर्थपूर्ण नजर टाकली आणि काउंटरमागे गेले. डगला घेतला. उजवा हात सवयीने वरच्या रोलकडे गेला. कव्हरचं टोक बोटांत आलं. नुसतं ओढायचं होतं. चढवायचं, म्हणायचं "उद्या न्या", आणि उद्या तोच डगला, तोच वास, स्वच्छतेचा.

चिमटी बघत होती. काकू बघत होती. आप्पा बघत नव्हते, पण इस्त्री थांबली होती.

काकांनी टोक सोडलं.

का सोडलं, हे चिमटीला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. तिच्या आयुष्यात न विचारलेला तो एकच प्रश्न असावा. त्यांनी डगला काउंटरवर पालथा पसरला. एकसष्ट वर्षांच्या माणसाने पहिल्यांदाच असा कपडा पसरावा तसे ते चुकत-माकत पसरत होते. कॉलर. उलटी करून बघितली. ठीक. डावी बाही. ठीक. खिसा. खिशात दातांचा ठसा घेतलेला एक साचा निघाला, तो त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला. उजवी बाही. कफ.

ते वाकले. आणखी वाकले. चष्मा कपाळावर ढकलला आणि परत खाली घेतला.

"इथे डाग आहे," ते म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तपकिरी. कडेला पिवळट." काकांचा आवाज विचित्र झाला होता. आधीच्या अकरांची तक्रार खोटी निघाली होती, आणि हा बारावा, नेमका आज, खरा निघाला होता. कव्हर घातलं असतं तर तो डाग त्यांना कधी दिसलाच नसता. किंवा दिसला असता बाईंना, घरी, कव्हर फाडल्यावर, आणि त्या म्हणाल्या असत्या, जाऊ दे, बाकी स्वच्छ आहे.

"औषध आहे ते," बाबा उठून आले. त्यांनी कफ नखाने खरवडला, नाकाशी नेला. मग भावाकडे बघितलं, आणि तिथून पुढे जे ते बोलले ते चिमटीने त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. "माझ्याकडून राहिला, दादा. मी हा कफ बघितलाच नाही. हल्ली मी शेवटचा हात फिरवत नाही. कव्हर चढतंच आहे, म्हणतो."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली.

काका डॉक्टरीणबाईंकडे वळले. हे वाक्य या काउंटरवरून बहुधा साठ वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जुन्या शटरसारखं अडकत अडकत आलं. "चूक... आमची आहे. डाग राहिलाय."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग कधी देता?"

"उद्या सकाळी. मी स्वतः दाखवून देईन."

"चालेल. खोळ असू दे का?"

"असू दे," चिमटी घाईने म्हणाली.

बाई वाकून शटरखालून निघून गेल्या. बस्स, एवढंच. छप्पर कोसळलं नाही. काका त्या रिकाम्या दाराकडे काही वेळ बघत राहिले, जसं एखादा भयंकर अवघड दात काढून घेतल्यावर माणूस गालाला हात लावून बघतो, दुखत का नाहीये म्हणून.

कंपनीच्या माणसाने खाकरून करारपत्र दोन बोटं पुढे सरकवलं. "तर मालक, सही..."

काका आले, बसले, करारपत्र दोन्ही हातांनी उचललं आणि डोळ्यांपासून लांब धरून बघू लागले. मग रेलकडे, मग काउंटरवरच्या त्या पांढऱ्या कफकडे.

"तुमच्याकडे दिवा मिळतो का?" त्यांनी विचारलं.

"दिवा?"

"मोठा. काउंटरवर टांगायला. इथे काही म्हणजे काही दिसत नाही."

"आम्ही... कव्हरची मशीनं विकतो, मालक."

"मग राहू दे," काकांनी कागद फोल्डरमध्ये घालून त्याच्या हातात दिला, बिस्किटांची ताटली पुढे केली आणि खांद्यावरून म्हणाले, "चिमटे, वही आण. दिव्याचं माप घे. उंची तुझ्या हिशेबाने घे, उभं तुलाच राहायचंय."